मांजर ‘शिकले’ असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिक्षक असून नोकरी सांभाळून मानसशास्त्राचा बहिःस्थ पदव्युत्तर अभ्यास करत आहे. अध्ययनाच्या मानसशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात मी अडकलो आहे आणि अडचण परीक्षेपुरती नसल्यामुळे ती इथे सविस्तर मांडतो.

पुस्तकातील व्याख्या सर्वांना ठाऊक असेल: अनुभवामुळे किंवा सरावामुळे वर्तनात होणारा तुलनेने टिकाऊ बदल म्हणजे अध्ययन. ती मी पाठ केली, वर्गातल्या मुलांना लावून पाहिली, आणि घरच्या बोक्यापाशी येऊन ती मोडली.

आमचे घर बंदराकडून वर येणाऱ्या रस्त्यावर आहे. सकाळी नवाच्या सुमारास एक मासेवाले मोटारसायकलला मागे क्रेट बांधून येतात आणि वळणावर रबरी भोंगा वाजवतात. भोंगा वाजला की पडवीत झोपलेला बोका उठतो, पाठ ताणतो आणि गाडी थांबायच्या आत गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर जाऊन बसतो, कारण आई मागच्या दारी विळीवर बांगडे साफ करते तेव्हा डोकी त्याच्या वाट्याला येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्यानंतर श्रावण, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज आमच्याकडच्या बऱ्याच होड्या बाहेर पडत नाहीत. त्यामुळे यंदा सुमारे अडीच महिने मासेवाले फिरकले नाहीत. जूनचा पहिला आठवडा सोडला तर या काळात बोका नऊ वाजता गडग्यावर दिसला नाही. पौर्णिमेनंतर गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशी मात्र जणू मध्ये पावसाळा झालाच नव्हता अशा थाटात तो धावत गेला.

सत्रकार्यात मी हे उदाहरण ‘विलोपन आणि उत्स्फूर्त पुनःप्राप्ती’ (शिकलेली प्रतिक्रिया विझणे आणि मध्ये विसावा मिळाल्यावर ती आपोआप परत येणे) या शीर्षकाखाली लिहिले. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली आणि कारण लिहिले नाही. रेघेचे मला फारसे वाईट वाटले नाही, परंतु त्यातून निघालेला प्रश्न सुटत नाही. अडीच महिने ते वर्तन नव्हते. व्याख्येप्रमाणे अध्ययन म्हणजे वर्तनातला बदल. मग बोक्याचे अध्ययन अडीच महिने नाहीसे झाले आणि एका सकाळी परत आले, असे म्हणायचे का? आणि ते कुठेतरी आत टिकून होते असे म्हणायचे असेल, तर अध्ययन ही वर्तनाहून वेगळी, न दिसणारी वस्तू ठरते. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोलण्याचा अधिकार या शास्त्राला कुठून मिळतो?

हाच पेच मला वर्गात दिसतो. चौथीतला एक मुलगा ‘सात गुणिले पस्तीस’ असे फळ्यावर लिहिले की मान खाली घालतो. तोच मुलगा संध्याकाळी आजीबरोबर बंदरावर बसलेला असतो, आणि पस्तीस रुपयांच्या वाट्याचे सात वाटे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘दोनशे पंचेचाळीस’ हा आकडा पिशवी पुढे होण्याआधी सांगतो. माझ्या नोंदवहीत त्याला गुणाकार येत नाही.

जाता जाता सांगतो: जूनपासून एक नवा पाववाला सायकलवरून त्याच वेळी येऊ लागला आहे आणि त्याचा भोंगा अगदी तसाच आहे. पहिले चार-पाच दिवस बोका त्याच्यासाठीही गडग्यावर गेला, नंतर मान वर करेनासा झाला. याचा विषयाशी कितपत संबंध आहे ते मला सांगता येत नाही.

जुनाफळा (रत्नागिरी)

गुरुजी, आपण जे जाता जाता सांगितलेत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि लाल रेघेचे कारणही तिथेच सापडते. मी महाविद्यालयात बरीच वर्षे हा विषय शिकवला, त्यामुळे आधी रेघेबद्दल लिहितो.

विलोपन होण्यासाठी चेतक, म्हणजे प्रतिक्रिया जागी करणारी गोष्ट, यावी लागते आणि त्यामागून अन्न मात्र येता कामा नये. बंदीच्या काळात मासेवालेच आले नाहीत, म्हणजे त्यांच्या गाडीचा चेतक बोक्यापुढे आलाच नाही. वर्तन घडायला निमित्तच नव्हते. ते विझले असे म्हणता येत नाही. दिवाळीनंतर कंदील लावला नाही म्हणून तो बिघडला असे आपण म्हणत नाही. विलोपन झाले ते पाववाल्याच्या बाबतीत: भोंगा वाजत राहिला, डोकी मिळाली नाहीत, प्रतिक्रिया हळूहळू मंदावून थांबली. आपण ते पाहिलेत, पण उत्तरपत्रिकेत लिहिले नाही. यातून पुढचे कोडे उभे राहते. पाववाल्याचा भोंगा ऑगस्टमध्येही रोज वाजत होता आणि बोका झोपून होता, तर मासेवाल्यांचा तसाच भोंगा वाजल्यावर तो का उठला? प्रतिक्रिया विझल्यावर चेतकाला मधे विसावा मिळाला तर ती काही प्रमाणात परत येते, त्याला आपण उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतो. इथे भोंग्याला एक दिवसही विसावा मिळालेला नाही. तेव्हा बोका भोंग्याला उठत होता हे आपले गृहीतच तपासायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, मानसशास्त्रासाठी नव्हे. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच, देखभाल करणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटू लागली, आणि पचनाचे मोजमाप बिघडू लागले. या अकाली लाळेला आरंभी ‘मानसिक स्राव’ असे नाव होते. तेव्हा कुत्र्याच्या मनात काय चालले असेल, त्याला काय हवेसे वाटत असेल, असा विचार करण्याचा मार्ग समोर होता. पाव्हलॉव्ह यांनी तो सोडला आणि लाळेचे थेंब मोजायचे ठरवले. त्यांच्याच देशातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनॉव्ह यांनी १८६३ मध्ये मेंदूच्या व्यापारांकडे प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून पाहण्याची जी दिशा दाखवली होती, ती त्यांच्या हाताशी होती. आणि तिच्याही मागे सतराव्या शतकातले फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त उभे आहेत. राजाच्या बागेतल्या, पाण्याच्या दाबाने हलणाऱ्या पुतळ्यांवरून त्यांनी शरीराची कल्पना यंत्र म्हणून केली, प्राण्यांना निव्वळ यंत्र मानले आणि माणसापुरता विवेकी आत्मा वेगळा काढून ठेवला. त्या वाटणीतला यंत्राचा भाग शास्त्राने घेतला. आत्म्याचा भाग कोणाकडे द्यायचा हे भांडण अजून मिटलेले नाही, आणि आपला प्रश्न हा त्याच भांडणाचा एक तुकडा आहे.

दुसऱ्या टोकाला काय होत होते हे लक्षात घेतल्याशिवाय पाव्हलॉव्ह यांचा हट्ट समजत नाही. डार्विननंतर प्राण्यांच्या बुद्धीच्या गोष्टी गोळा करण्याची लाट आली होती. मांजराने कडी कशी विचारपूर्वक उघडली, कुत्र्याला अपराधी कसे वाटले, अशा त्या गोष्टी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये यावर एक बंधन घातले: खालच्या पातळीवरच्या मानसिक प्रक्रियेने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या पातळीवरची प्रक्रिया गृहीत धरू नये. त्यांचा टोनी नावाचा कुत्रा डोक्याने फाटकाची कडी उचलून बाहेर जात असे. पाहुण्याला ती बुद्धी वाटली असती. मॉर्गन यांनी आधीची धडपड पाहिली होती. गजांमधून डोके काढून बाहेर बघता बघता एकदा ते नेमके कडीखाली लागले होते. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेट्यांत ठेवून सुटकेला लागणारा वेळ मोजला. तो एकदम न घटता हळूहळू घटत गेला, आणि त्यावरून त्यांनी ठरवले की मांजराला एकाएकी युक्ती सुचत नाही, तर ज्या हालचालीचा परिणाम सुखकर होतो ती पक्की होत जाते. त्यांच्याच देशातल्या वॉटसन यांनी १९१३ मध्ये याच वृत्तीचा, म्हणजे वर्तनवादाचा, जाहीरनामा लिहिला, आणि आपली पाठ केलेली व्याख्या त्याच घराण्यातली आहे.

ती व्याख्या अपुरी आहे हे दाखवणारा प्रयोगही जुनाच आहे. टोलमन आणि होन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांचे तीन गट भूलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी रोज अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच मिळत नसे, आणि तिसऱ्याला पहिले दहा दिवस काही न देता अकराव्या दिवसापासून अन्न दिले. दहा दिवस हा तिसरा गट रमतगमत फिरत होता, त्याच्या चुका फारशा कमी होत नव्हत्या. अकराव्या दिवशी अन्न मिळाले आणि बाराव्या दिवशी तो पहिल्या गटाच्या बरोबरीला आला. दहा दिवसांची शिकवणी एका रात्रीत झाली नाही. रस्ता आधीच माहीत झाला होता, तो दाखवायला कारण नव्हते. यालाच सुप्त अध्ययन म्हणतात, आणि तेव्हापासून अध्ययन व कामगिरी या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागल्या. म्हणून बरेच अभ्यासक आता ‘वर्तनातील बदल’ न म्हणता ‘वर्तन करण्याच्या क्षमतेतील बदल’ म्हणतात.

आपला चौथीतला मुलगाही इथेच बसतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री चालू असताना विचारलेल्या हिशेबांची त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच प्रकारचे हिशेब कागदावर निव्वळ आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. नोंदवहीत ‘येत नाही’ असे लिहिण्याआधी ‘कुठे येत नाही’ हा रकाना हवा.

तरीही एक इशारा देतो. ‘क्षमता’ हा शब्द वापरल्याने आपण सुटलो असे समजू नये. बोका का आला, तर तो शिकला होता म्हणून. शिकला होता हे कशावरून, तर तो आला यावरून. नंतरचे वर्तनवादी स्किनर यांचा अशा शब्दांना असलेला आक्षेप हाच होता की ते उलगडा केल्याचा भास निर्माण करतात आणि शोध थांबवतात. मनात काही चालत नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे मात्र पुष्कळ पाठ्यपुस्तके चुकीचे सांगतात. मनात चालते तेही वर्तनच असून त्यालाही कारणे असतात, असे ते मानत.

आर्द्रेंधन (सावंतवाडी)

माझा अभ्यास न्यायशास्त्राचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेचा आहे, मानसशास्त्राचा नाही. चूक असल्यास जुनाफळा सरांनी निःसंकोच दुरुस्त करावी. आपल्याकडे अध्ययनाचे हे नियम आधीच सापडले होते वगैरे काही मला म्हणायचे नाही. नैयायिकांना, म्हणजे या परंपरेतल्या विचारवंतांना, बोक्याच्या वर्तनात रस नव्हता; खरे ज्ञान कशाने होते हा त्यांचा प्रश्न होता. परंतु जो पेच गुरुजींना पडला आहे त्याची फोड करण्यासाठी लागणारी हत्यारे तिथे चांगली घासलेली मिळतात, आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला ‘साहचर्य’ (जोडीने येणे) हा शब्द तिथेही भेटतो.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात व्याप्तीचे लक्षण दिले आहे: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, असा ‘साहचर्यनियम’ म्हणजे व्याप्ती. यात दोन शब्द आहेत हे महत्त्वाचे. नुसते साहचर्य नव्हे, साहचर्याचा नियम. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली तर ते काकतालीय. स्किनर यांनी १९४८ मध्ये आठ कबुतरांवर केलेला प्रयोग मी वाचला तेव्हा मला हाच न्याय आठवला: कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे पडत, आणि तरीही आठांपैकी सहा कबुतरे कसल्या ना कसल्या चाळ्यात अडकली, एक गोल फिरू लागले, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. दाण्याच्या वेळी जे घडत होते त्यालाच त्यांनी कारण धरले असावे, असे स्किनर यांचे म्हणणे होते. त्यांच्याकडे साहचर्य होते, नियम नव्हता.

नियम आहे हे कसे कळते? अन्वयाने आणि व्यतिरेकाने. एक असताना दुसरे असते हे पाहायचे, आणि एक नसताना दुसरे नसते हेही पाहायचे. पाश्चात्त्य अनुभववाद्यांचे, म्हणजे लॉक, ह्यूम यांच्या परंपरेचे, सान्निध्यावरच भागत होते असा माझा समज होता, आणि अन्नाआधी वाजणारी पाव्हलॉव्ह यांची घंटा त्याच परंपरेतली वाटत होती. मग रेस्कोर्ला यांचा १९६८ चा प्रयोग वाचनात आला. उंदरांच्या दोन्ही गटांना ध्वनी चालू असताना विजेचे धक्के सारखेच बसले; फक्त एका गटाला ध्वनी नसतानाही तितकेच धक्के बसत राहिले. त्या गटाला ध्वनीची भीती बसली नाही. साहचर्य तेवढेच होते, व्यतिरेक नव्हता. उंदीर काही अनुमान लिहून काढत नाही, पण त्याचे शरीर ज्याची नोंद घेते ते नुसते जोडीने येणे नसते, एवढे यातून नक्की दिसते.

आता गुरुजींच्या ‘आत टिकून राहणाऱ्या’ वस्तूविषयी. अनुभव काल झाला आणि संपला. आठवण आज होते. मधल्या काळात काय होते? न्यायाच्या जवळच्या वैशेषिक दर्शनातल्या विचारवंतांनी इथे ‘संस्कार’ मानला, आणि त्याच्या तीन प्रकारांपैकी ‘भावना’ हा प्रकार अनुभवातून उत्पन्न होणारा आणि स्मृतीला कारण होणारा सांगितला. हा संस्कार प्रत्यक्ष दिसत नाही, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. तो मानावा लागतो, कारण नष्ट झालेला अनुभव आजच्या स्मृतीचे कारण होऊ शकत नाही. म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोलण्याचा अधिकार अनुमानाने मिळतो, आणि अनुमान जितके पक्के तितकाच तो अधिकार. अर्थात आमचा संस्कार आत्म्यात राहतो, आणि बोक्याच्या बाबतीत मी तेवढे पुढे जाणार नाही.

अनुमान पक्के करण्यात सर्वांत मोठी अडचण उपाधीची, म्हणजे नजरेआड राहिलेल्या अटीची असते, आणि माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे. जिथे अग्नी तिथे धूर असे कोणी म्हटले तर ते चुकते, कारण धूर केवळ अग्नीने होत नाही; ओले सरपण असेल तर होतो. ओले सरपण ही उपाधी. पावसाळ्यात चूल पेटवणाऱ्या कोकणातल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. आपल्या चर्चेत ‘जिथे भोंगा तिथे बोका’ ही व्याप्ती सोपाधिक निघाली, कारण पाववाल्याच्या भोंग्याला बोका येत नाही. उपाधी कोणती ते शोधायला हवे.

हाच शोध बर्लिनमध्ये एका घोड्यावर झालेला आहे. हान्स नावाचा हा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे देई, आणि त्याचा मालक लबाड नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये एक साधी गोष्ट केली: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली. घोडा चुकू लागला. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेची जी सूक्ष्म हालचाल होई तिच्यावर तो थांबत असे, आणि ती हालचाल करणाऱ्याला स्वतःला तिचा पत्ता नसे. तेव्हा गुरुजी, मासेवाल्यांना विनंती करून भोंगा आणि गाडी वेगळे करून पाहा.

रापण (वेंगुर्ले)

मी सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. दोन्ही प्रतिसाद आवडले, पण दोघांनीही बोका जणू कोरी पाटी आहे असे धरले आहे, त्याबद्दल थोडेसे.

गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना चवीचे पाणी प्यायला दिले आणि प्रत्येक घोटाबरोबर दिवा व आवाज होईल अशी सोय केली. ज्यांना पुढे आजारी पाडले त्यांनी ती चव टाळली. ज्यांना विजेचा धक्का दिला त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. साहचर्य सर्वांशी सारखेच होते, तरी पोटाचे दुखणे चवीलाच जाऊन चिकटले. आपल्याकडेही शिळी कोळंबी बाधली तर माणूस पुढे वर्षभर कोळंबी खात नाही. ज्या ताटातून खाल्ली ते ताट कोणी टाकून देत नाही. कोणत्या गोष्टीचा कोणत्या गोष्टीशी पटकन संबंध जुळेल हे प्रत्येक जातीच्या पूर्वजांच्या इतिहासाने बरेचसे ठरलेले असते. स्किनर यांच्या कबुतरांबद्दलही १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी दाखवले की त्यातले बरेच चाळे हे अन्नाची वाट पाहणाऱ्या कबुतराच्या स्वाभाविक हालचाली असाव्यात. म्हणून काकतालीय न्याय तिथे पूर्ण लागू पडतो असे मला वाटत नाही. प्राणिवर्तनाचे अभ्यासक टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये वर्तनाबद्दल चार वेगळे प्रश्न सांगितले होते: ते आत्ता कशाने घडते, प्राण्याच्या आयुष्यात कसे घडत गेले, जगण्याला त्याचा काय उपयोग होतो, आणि उत्क्रांतीत ते कुठून आले. ‘बोका का आला’ यात हे चारही मिसळलेले आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊन भागत नाही.

न दिसणाऱ्या वस्तूविषयी मात्र मी जुनाफळा सरांपेक्षा अधिक आशावादी आहे, कारण ती आता थोडीफार दिसू लागली आहे. एरिक कँडेल यांनी सागरी ससा म्हणतात त्या अ‍ॅप्लिशिया या मऊ गोगलगायीवर काम केले, कारण तिच्या चेतासंस्थेत सुमारे वीस हजारच चेतापेशी असतात आणि त्यातल्या काही चांगल्या मोठ्या असतात. तिच्या पाणी सोडणाऱ्या नळीला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ओढणे मंदावते. हे सवयीकरण. त्या वेळी संवेदी पेशी पुढच्या पेशीकडे कमी रसायन सोडते, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या बदलात तर पेशींमधल्या जोडण्यांची संख्याच बदलते. या कामासाठी त्यांना २००० चे नोबेल मिळाले. म्हणजे स्किनर ज्या वर्तुळाकार उलगड्याला हरकत घेत होते ते वर्तुळ इथे फुटते: शिकल्याचा पुरावा वर्तनाखेरीज दुसरीकडेही सापडतो.

ही व्याख्या किती ताणता येते हे पाहायचे असेल तर अंगणातल्या लाजाळूकडे जावे. मोनिका गॅग्लिआनो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लाजाळूची कुंडी ठरावीक उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडली. काही वेळाने पाने मिटेनाशी झाली, आणि जवळपास महिन्याने पुन्हा तपासले तरी तो फरक टिकून होता. चेतापेशी एकही नाही. याला अध्ययन म्हणायचे की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. गुरुजींच्या पुस्तकातली व्याख्या शब्दशः लावली तर लाजाळू पास होते.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. सरांनी रेघेचे कारण सांगितले ते पटले. पाववाल्याला मी पुस्तकाबाहेरचा मानला, ही माझीच चूक.

मासेवाल्यांशी बोललो. त्यांना आधी हसू आले, मग त्यांनी एका आठवड्यासाठी मान्य केले. दोन दिवस त्यांनी वरच्या वळणावरून इंजिन बंद करून गाडी उतारावर तशीच सोडली आणि फक्त भोंगा वाजवला. बोका पडवीतच राहिला; एकदा कान फिरवले, इतकेच. गाडी गडग्यापाशी पोचल्यावर मात्र तो उठून आला. दोन दिवस त्यांनी इंजिन चालू ठेवले आणि भोंगा वाजवला नाही. दोन्ही दिवशी गाडी दिसायच्या आधीच बोका गडग्यावर होता. त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटका आहे आणि तिचा आवाज खालच्या पुलापासून ऐकू येतो, हे मला इतकी वर्षे ऐकू येत असूनही कधी सुचले नव्हते.

यावरून मला असे वाटते की मे महिन्यापर्यंत भोंगा आणि इंजिन या दोहोंनाही बोका उठत असावा, कारण जूनमध्ये सायकलवरच्या नुसत्या भोंग्याला तो धावला होता. पाववाल्याने भोंग्याचे विलोपन केले. इंजिनाला कोणी हात लावला नाही, म्हणून ते अडीच महिन्यांनंतरही तसेच राहिले. हे बरोबर आहे का?

मुलाबद्दलही सांगतो. काल वर्गात मी ‘गुणिले’ हा शब्द न वापरता वाटे मांडले. चिंचोक्यांचे वाटे, प्रत्येकी पस्तीसचा. त्याने उत्तर दिले, आणि पुढे स्वतःहून सांगितले की आठवा वाटा घेतला तर आजी पाच रुपये सोडते.

जुनाफळा (रत्नागिरी)

अनुमान चांगले आहे, पण तीन गोष्टी राहिल्या. एक, चारच सकाळी झाल्या आहेत. दोन, आपण दारात उभे राहून पाहत होतात आणि आज इंजिन येणार की भोंगा हे आपल्याला ठाऊक होते; फुंग्स्ट यांचा घोडा विसरू नका. तीन, इंजिन चालू असो वा बंद, क्रेटमध्ये मासे होतेच. वाऱ्याची दिशा त्या चार दिवशी सारखी होती का?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

वाऱ्याची नोंद मी ठेवली नाही. उद्या सोमवार आहे. शंकराचा वार असल्यामुळे आमच्याकडे मासे कोणी घेत नाही आणि मासेवाले घरीच असतात. रिकामी गाडी घेऊन, क्रेट काढून ठेवून, नऊ वाजता एक फेरी मारायला ते तयार झाले आहेत. भोंगा वाजवायचा की नाही हे ते नाणे उडवून ठरवतील आणि मला सांगणार नाहीत. मी घराचे दार लावून आत बसेन, आणि गडगा दिसेल असा मोबाइल खिडकीत ठेवून देईन.